खातं लेकीचं, मेसेज आईला



दहावीचे निकाल लागले की आपल्याकडच्या घरांमध्ये एकच विषय सुरू होतो. मुलगी नागपूरला ठेवायची की चंद्रपूरला, वसतिगृह कोणतं, मेसमध्ये कांदा-लसूण असतो का, संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत मिळतं का. हे सगळं विचारून झालं की शेवटी, जरा आवाज खाली आणून, विचारतात, "आणि पैशाचं कसं करता हो तुम्ही?" गेल्या पंधरा दिवसांत मला चार जणींनी हे विचारलं. चौघींना फोनवर वेगवेगळं सांगितलं गेलं असणार, म्हणून एकदा लिहूनच काढते. बँकेचं आहे ते सांगते, आणि बँकेत कुणी सांगत नाही तेही सांगते.

आमचं गाव मुलचेरा. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर गडचिरोली जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग, चारी बाजूंनी जंगल, आजूबाजूला पूर्व पाकिस्तानातून येऊन वसलेल्या बंगाली लोकांची गावं, माडिया लोकांचे पाडे, आणि त्यात आमच्यासारखी बोटांवर मोजण्याइतकी जैन घरं. मंदिर गावात नाही. घरातल्या चैत्यालयावरच रोजचं दर्शन-पूजन. आमचं किराणा दुकान आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत गावात पैसा खेळतो, पावसाळ्यात उधारीची वही जाड होते. अशा घरात पैसा म्हणजे गल्ल्यातला पैसा. मुलांनी मागितला की गल्ल्यातून काढून द्यायचा, बस. थोरलीला सोळा वर्षांत कधी दहा रुपयांचासुद्धा हिशोब ठेवावा लागला नव्हता.

२०२५ साली अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले. त्या याद्यांच्या गोंधळात जून गेला, आणि जुलैत तिचं नागपूर नक्की झालं. निघायला जेमतेम दोन आठवडे होते.

ह्यांचं म्हणणं अगदी सोपं होतं. "माझं कार्ड घेऊन जा, पिन सांगतो. लागतील तसे काढ."

मैत्रिणींनो, मला माहीत आहे, निम्म्या घरांत हेच चालतं. मीही आधी हो म्हणाले होते. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे ते समजून घ्या. कार्ड ज्याच्या नावाचं त्यानंच वापरायचं असतं, पिन घरच्यांनासुद्धा सांगायचा नसतो. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम आहे. आपला दोष नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे उडवले आणि आपण बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पण आपणच पिन दुसऱ्याला दिला असेल तर ती आपली हयगय धरली जाते, आणि बँकेला कळवेपर्यंत जे जाईल ते आपलं गेलं. शिवाय ह्यांच्या त्या खात्यात दुकानाचे व्यापाऱ्यांना द्यायचे पैसे असतात. सोळा वर्षांच्या पोरीच्या पर्समध्ये अख्खं दुकान ठेवून तिला सिटी बसमध्ये चढवायचं? हे गप्प झाले.

मग मी चौकशीला लागले.

अठरा वर्षांखालच्या मुलांचं खातं दोन प्रकारे उघडता येतं. एकात नाव मुलाचं असतं आणि व्यवहार आई किंवा वडील करतात. दुसऱ्यात दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल स्वतःच्या सहीनं स्वतः खातं चालवतं. हे दुसरं आपल्यापैकी पुष्कळ जणींना माहीतच नसतं. रिझर्व्ह बँकेनं याला २०१४ मध्ये परवानगी दिली आणि २१ एप्रिल २०२५ ला सगळे जुने नियम एकत्र करून नवं परिपत्रक काढलं, १ जुलै २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी आपापली धोरणं त्याप्रमाणे करायची होती. खात्यात किती रक्कम ठेवू द्यायची, कार्ड द्यायचं का, चेकबुक द्यायचं का, हे प्रत्येक बँक आपलं आपण ठरवते. म्हणून शेजारणीच्या बँकेत मिळालं ते तुमच्या बँकेत मिळेलच असं नाही. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. मुलाच्या खात्यात उधारी चालत नाही, शिल्लक शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. दुकानदाराच्या बायकोला हा नियम फार आवडला.

उदाहरण द्यायचं तर स्टेट बँकेत ‘पहला कदम’ आणि ‘पहली उडान’ अशी दोन खाती आहेत. पहिलं कुठल्याही वयाच्या मुलाचं, पालकांसोबत. दुसरं दहा वर्षांवरच्या, नीट एकसारखी सही करू शकणाऱ्या मुलाचं एकट्याचं. दोन्हींत मुलाचा फोटो असलेलं कार्ड मिळतं आणि त्यावर पाच हजारांची मर्यादा असते. पोस्टातही दहा वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावानं बचत खातं उघडू शकतं, तिथे कमीत कमी पाचशे रुपये ठेवावे लागतात. बाकीच्या बँकांचीही अशी मुलांची खाती आहेत, नावं गोड गोड असतात. नावावर जाऊ नका. विचारायचं ते एवढंच: कमीत कमी शिल्लक किती ठेवायची, कार्डाची वर्षाची फी किती (तिच्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा), दिवसाची मर्यादा आपल्याला कमी करता येते का, आणि मेसेज कुणाच्या नंबरवर येणार. शेवटचा प्रश्न मी तेव्हा विचारलाच नाही. त्याच्याबद्दल पुढे.

पहिल्या बँकेत आम्ही दोघी मायलेकी गेलो. आमच्या गावातली नव्हे, बाहेरच्या मोठ्या गावातली शाखा, नाव लिहीत नाही. एस.टी.नं गेलो, दोन तास बसलो, नंबर आला. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म चाळला आणि परत सरकवला. "वडिलांची सही लागेल, मॅडम."

मी म्हटलं, "ते दुकानात आहेत. मी आई आहे ना."

"नॅचरल गार्डियन वडील असतात. त्यांना घेऊन या."

लेकीसमोर मला कसंसंच झालं. हिला नऊ महिने पोटात वाढवलं, णमोकार शिकवला, पाढे शिकवले, हिच्या तापात रात्री काढल्या, आणि पाचशे रुपयांचं खातं उघडायला माझी सही चालत नाही. काही बोलले नाही. परत आलो. बसमध्ये लेक फोनवर काहीतरी शोधत होती. आष्टीच्या अलीकडे तिनं फोन माझ्यासमोर धरला. "आई, तो चुकीचं सांगत होता."

खरंच चुकीचं सांगत होता. ही हकीकत आपल्या प्रत्येकीला माहीत असायला हवी, म्हणून जरा सविस्तर सांगते. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा आपल्या जैनांनाही लागू होतो. त्यात मुलाचे नैसर्गिक पालक म्हणून वडील आणि ‘त्यांच्यानंतर’ आई, असं लिहिलेलं आहे. १९८४ मध्ये गीता हरिहरन या लेखिकेनं आणि त्यांच्या नवऱ्यानं मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. दोघांनी मिळून ठरवलं होतं की पालक म्हणून सही आईची. रिझर्व्ह बँकेनं अर्ज परत पाठवला: वडिलांची सही आणा, नाहीतर आईच पालक असल्याचा दाखला आणा. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल लागला १७ फेब्रुवारी १९९९ ला. न्यायालयानं सांगितलं की ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे वडील वारल्यावरच असं नव्हे. वडील प्रत्यक्ष सांभाळ करत नसतील, लांब असतील, किंवा दोघांनी मिळून तसं ठरवलं असेल, तर वडील हयात असतानाही आई पालक होऊ शकते. पंधरा वर्षांत तो मुलगा केवढा झाला असेल, हे माझ्या मनात आलंच.

आणि गंमत म्हणजे साध्या बचत खात्यासाठी एवढं सगळं लागतच नव्हतं. आईला पालक धरून मुलाचं खातं उघडायची मुभा रिझर्व्ह बँकेनं १९७६ मध्येच दिलेली आहे, आणि २०२५ च्या परिपत्रकातही ती आहे. माझ्या जन्माआधीची मुभा, आणि मला काउंटरवरून परत पाठवलं. तेव्हा मैत्रिणींनो, कुणी असं म्हटलं तर भांडू नका, पण उठूही नका. शाखा व्यवस्थापकांना भेटा आणि नम्रपणे म्हणा की रिझर्व्ह बँकेचं २१ एप्रिल २०२५ चं परिपत्रक एकदा बघता का.

मी मात्र त्या बँकेत परत गेले नाही. दुसरी निवडली. कुठली, ते सांगत नाही, जाहिरात नको. निवडण्याचं कारण एकच, तिची एक शाखा आम्हाला जाण्यासारखी होती आणि एक लेकीच्या वसतिगृहापासून पायी जाण्यासारखी. व्याजाकडे मी पाहिलं नाही, दोन-तीन हजारांवर अडीच-तीन टक्क्यांनी वर्षाला असं काय मिळणार! (आजी-आजोबांनी मुलाच्या नावानं मोठी रक्कम ठेवलेली असेल तर मात्र लक्षात असू द्या, त्याचं व्याज सहसा आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. मुलाचं नाव घातलं की करातून सुटलो, असं नसतं.)

आधार कार्डानं आम्हाला एक फेरी जास्त घालायला लावली. पंधरा वर्षं झाली की मुलांच्या बोटांचे ठसे नव्यानं द्यावे लागतात, आमचे द्यायचे राहिले होते. अंगठा मशीनवर उमटेना. ज्यांची मुलं पंधराच्या पुढची आहेत त्यांनी हे आधीच करून घ्या, पावसाळ्यात धावपळ नको.

मग सहीचा दिवस. लेकीनं चार दिवस वहीत सह्या गिरवल्या होत्या. आधी इंग्रजीत, मग वळणाची, मग शेपटीची. सासूबाई बाजूला बसून पाहत होत्या. त्यांनी स्वतः पहिली सही केली ती साठी ओलांडल्यावर, २०१६ च्या नोव्हेंबरात. तुम्हाला आठवत असेलच, ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि घराघरांतल्या तुरीच्या डाळीचे डबे उलटे झाले. आमच्या सासूबाईंच्या डब्यातून साडेचौदा हजार निघाले. मुलांना, नवऱ्याला, कुणालाही माहीत नसलेले. त्या रडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. चोरी पकडल्यासारखा. खरं तर एक पैसा चोरीचा नव्हता, भाजीतून वाचवलेले, माहेरून ओवाळणीचे आलेले. ते भरायला म्हणून त्यांचं पहिलं खातं उघडलं. माझंही काही फार वेगळं नाही. माझं पहिलं खातं लग्नानंतरचं, तेही ह्यांच्या नावासोबत. एकटीच्या नावाचं अजून नाही. हे लिहिताना लक्षात आलं.

लेकीनं शेवटी सही मराठीत केली. साधी, सरळ, आजीसारखी. आजी म्हणाल्या, "हे बरं केलंस बापा, वाचता तरी येते."

फॉर्मवर मोबाइल नंबरचा रकाना आला. लेक म्हणाली, "माझा टाक ना आई." मी माझा टाकला. मुलगी लहान आहे, लांब चालली आहे, फसवणुकीचे फोन येतात, कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढची सही केली.

कार्ड आल्यावर आम्ही दोघींनी बसून ते लावलं. हे प्रत्येकीनं करा. नवीन कार्डावर परदेशातले व्यवहार, ऑनलाइन खरेदी आणि नुसतं टेकवून पैसे देणं या तिन्ही गोष्टी आपण चालू केल्याशिवाय चालू नसतात, २०२० पासून तसा नियम आहे. परदेशातले बंदच ठेवले. टेकवायचंही बंद ठेवलं, कारण त्यात पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही, कार्ड हरवलं तर सापडणाऱ्याची चंगळ. ऑनलाइन चालू केलं, पण हजाराच्या मर्यादेनं, कारण आजकाल परीक्षेचे फॉर्मही ऑनलाइन भरावे लागतात. पिन जन्मसालाचा नको म्हटलं तर म्हणाली, "तुझ्या जन्मसालाचा ठेवू?" ओरडा खाल्ला. वसतिगृहाची आणि क्लासची फी आमच्या खात्यातून थेट जाणार, तिच्या खात्यात फक्त वरखर्च. महिन्याचे दोन हजार, दर रविवारी पाचशे. समजा काही झालंच, तर पाचशेच्या वर जाणार नाही. आणि १९३० हा नंबर तिच्याकडून पाठ करून घेतला. पैसे गेल्याचं कळलं की रडत बसायचं नाही, आधी बँकेला आणि या नंबरला फोन, मग आईला. आईला शेवटी, हे सांगताना जिवावर आलं, पण तसंच सांगितलं.

काहींनी मला विचारलं की यूपीआय सर्कल का नाही घेतलं. २०२४ मध्ये निघालंय ते, आपल्या खात्यातून मुलाला ठरावीक रकमेपर्यंत पैसे देऊ द्यायचे, महिन्याला जास्तीत जास्त पंधरा हजार, किंवा प्रत्येक वेळी आपण मंजुरी द्यायची. शहरातल्या घरांना चांगलं आहे. पण पैसे आपल्याच खात्यातून जातात, मुलाला स्वतःची शिल्लक म्हणून काही दिसत नाही. पाचशेतले ऐंशी उरले हे तिला दिसायला हवं होतं मला. आणि मुलचेऱ्यात बसून प्रत्येक मंजुरी द्यायची म्हणजे नेटवर्कच्या भरवशावर राहायचं.

त्या नेटवर्कनंच मला धडा दिला. ऑगस्टमध्ये तीन दिवस पाऊस लागला. नाल्यांना पूर, रस्ता बंद, वीज गेली आणि वीज गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. हे आम्हाला नवं नाही. त्याच दिवशी नागपुरात लेक एका परीक्षेचा फॉर्म भरत होती, सहाशे रुपये, शेवटची तारीख. कार्डाचा नंबर टाकला, सगळं टाकलं, आणि ओटीपी आला माझ्या फोनवर. म्हणजे आलाच नाही, माझा फोन बंद पडलेला. तिनं पाच वेळा प्रयत्न केला म्हणे. खात्यात पैसे, हातात कार्ड, आणि तरी तिला मैत्रिणीकडून उसने घेऊन फॉर्म भरावा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन सुरू झाला आणि पाच ओटीपी एकापाठोपाठ टणटण वाजले. मी ते पाहत बसले. मुदत संपलेले.

तरी मी नंबर बदलला नाही. पुढच्या वेळी बघू म्हटलं. खरं कारण वेगळं होतं, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. ते मेसेज मला हवे होते. संध्याकाळी पाच वाजता चाळीस रुपये, म्हणजे क्लास सुटून फळं घेतली असतील. सकाळी वीस, झेरॉक्स. मी स्वयंपाक करता करता तिचा दिवस वाचत होते. त्याला काय म्हणायचं, माया म्हणा.

मग दशलक्षण पर्व आलं. आमच्याकडे दहा दिवस रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात, हे तुम्ही सगळ्या जाणताच. सातव्या दिवशी सातवा अध्याय झाला, व्रतांचा. परिग्रह-परिमाणाचे अतिचार वाचून झाले, शेत, घर, सोनं, धान्य, कशाकशाची मर्यादा ओलांडू नये ते. मनातल्या मनात जरा कौतुकही करून घेतलं मी स्वतःचं, की लेकीच्या पाचशे रुपयांना आपण बरोबर मर्यादा घातली. आणि त्याच रात्री, नऊ वाजून दहा मिनिटांनी, फोन वाजला. एकशे साठ रुपये. खाली एका पावभाजीवाल्याचं नाव.

रात्री नऊ. पर्वाचे दिवस. पावभाजी, म्हणजे आलू, कांदा, सगळंच आलं.

ज्यांनी मुलं बाहेर ठेवली आहेत त्यांना माझी ती रात्र सांगायला नको. हे झोपले होते. मी मागच्या ओट्यावर जाऊन बसले. तिला फोन लावायला घेतला आणि ठेवला. मनात सगळं येऊन गेलं. कुणासोबत असेल, रोज जात असेल, मला खोटं सांगत असेल, आपलं चुकलं, पाठवायलाच नको होतं. सासूबाई पाण्याला नाही, असंच उठल्या, रात्री त्यांचं पाणी बंद असतं. मला पाहून थांबल्या. मी फोन दाखवला. त्यांना वाचता येईना म्हणून वाचून दाखवलं.

बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तुले मेसेज आला म्हून नियम मोडला. नसता आला, त पाळला असता का तिनं?"

मला काही सुचलं नाही.

"नियम तिनं घेतला का तू देल्ला?"

मी म्हटलं, "आई, लहानपणापासून पाळतेय ती."

"तू वाढत नव्हतीस रात्री, म्हून पाळत होती. आता बाहेर आहे, आता घेईन तर तिचा तिनं घेईन." आणि त्या आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कुणाला, अगदी ह्यांनासुद्धा, त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मी फोन केला नाही. सकाळी तिचाच आला. "आई, तुला मेसेज आला असेल ना काल." मी हं म्हटलं. खोलीतल्या मैत्रिणीचा वाढदिवस होता, तिचे पैसे देणारं कुणी नव्हतं, हिनं दिले. ही ती सहाशे रुपये देणारीच मैत्रीण. मग थोडं थांबून म्हणाली, "मी पण खाल्लं. थोडंसं." विचारलं असतं तर कदाचित सांगितलं नसतं, किंवा वेगळं सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. मला तिला खूप काही बोलायचं होतं, आणि तोंडातून आलं ते, "पोट बरं आहे ना?" ती हसली, आणि मग हसता हसता रडली. मीही. क्षमावाणीला अजून चार दिवस होते, आमची तेव्हाच झाली.

मला राग आला नाही असं समजू नका. आला, आणि पुष्कळ दिवस राहिला. अजूनही पावभाजीचा वास आला की जरा येतो.

दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा आम्ही बँकेत गेलो आणि नंबर बदलून तिचा घातला. अर्ज, आधार, सही, अर्धा तास. काउंटरवरची बाई म्हणाली, "ताई, मुलगी अजून अज्ञान आहे, तुमचाच राहू द्या, बरं असतं." सल्ला चांगल्या मनानं दिला होता. मी म्हटलं, "आमच्याकडे टॉवर जातो हो." तेही खरंच होतं. त्याच दिवशी मी माझ्या एकटीच्या नावाच्या खात्याचाही फॉर्म मागून घेतला. तो अजून कपाटात आहे, भरायचा आहे.

आता तुमच्यासाठी एक राहिलं. अठरा पूर्ण झाले की हे खातं आपोआप मोठ्यांचं होत नाही. नव्यानं सही द्यावी लागते, खातं कसं चालवायचं ते नव्यानं लिहून द्यावं लागतं, कागदपत्रंही. ते केलं नाही तर नेमकं प्रवेशाच्या धावपळीत खातं अडकू शकतं. वाढदिवसाच्या आधी दोन महिने कॅलेंडरवर खूण करून ठेवा. माझ्या लेकीची खूण पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर येईल.

मेसेज आता येत नाहीत. पहिले काही आठवडे संध्याकाळी पाचच्या सुमारास हात उगीच फोनकडे जायचा. ती नागपूरला एक वही ठेवते, खर्च लिहिते. मेमध्ये आली तेव्हा ती वही टेबलावर उघडीच पडली होती. मी बंद करून तिच्या बॅगेत ठेवली. आत पाहिलं का? पहिलं पान पाहिलं. सगळ्यात वर लिहिलं होतं, ‘उसने ६००’, आणि ते खोडलेलं होतं.